सारसोळ्याच्या चिखलातलं नाव

कामोठे,
६ ऑगस्ट २०२३

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

श्रुतीताईंचा मेसेज आला, की आता कानाच्या मशीनचाही उपयोग होत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं वाचली की तुमचे डोळे दुखतात. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून कुणाला पत्र लिहिलेलं नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. माझ्या थिसिसला केलं तसं लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवू नका.

बातमी बरी नाही. कॉलेजातली तुमची तळमजल्यावरची खोली दिवाळीपर्यंत रिकामी करायची आहे. तिथे कॉम्प्युटर लॅब होणार. आतल्या सहाशे बारा बरण्यांची मी यादी करायची, लागतील त्या ठेवायच्या, बाकीच्यांची विल्हेवाट लावायची, असं ठरलंय. खाडीच्या चिखलातले किडे कुणाला लागतात, हे मी विचारलं नाही. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, जग डीएनएवर गेलं, तुम्ही अजून किड्यांचे केस मोजताय." मी हसले. तासिकांवर शिकवणाऱ्या बाईने अजून काय करायचं? विभागात मला 'किडेवाली' म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्हालाही म्हणायचे, असं मी ऐकलंय.

गेल्या आठवड्यापासून काम सुरू केलंय. रोज सात-आठ बरण्या होतात. लेबल वाचायचं, वहीत लिहायचं, उडालेलं अल्कोहोल भरायचं. तुमचं १९८६ सालचं अक्षर अजून ठळक आहे. पहिल्या कपाटाच्या वरच्या खणात 'अरविंदी' आहे, अरविंदसरांच्या नावाचा किडा. त्या खणाला मी अजून हात लावलेला नाही.

सारसोळ्याच्या जेट्टीवर सुमित्राबाई भेटल्या. गुडघे दुखतात म्हणतात, पण शिंपल्या वेचायला रोज चिखलात उतरतात. तुमची चौकशी केली. "तुजी मॅडम कवा येनार हाय? म्हनावं, चिखल हाय तितंच हाय." असं म्हणाल्या.

आई बरी आहे. तुम्हाला नमस्कार सांगते.

तुमची,
संघमित्रा


सातारा,
१९ ऑगस्ट २०२३

चि. संघमित्रा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने दार वाजवलेलं मला ऐकू आलं नाही, त्याने खिडकीतून पत्र हलवून दाखवलं तेव्हा मी उठले. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. परत पाठवत नाही.

खोली जाणार हे मला निवृत्तीच्या दिवशीच कळलं होतं. माझ्यामागे त्या जागेवर आपल्या विषयाचं कुणी नेमलं नाही, तिथेच ते ठरलं. तू बरण्यांची यादी करते आहेस हेच पुष्कळ आहे.

'अरविंदी'चा विषय काढलास म्हणून लिहिते. तुला फक्त लेबल माहीत आहे. आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा मी कॉलेजात नवी होते आणि अरविंद नकाशे काढायचे. आठवडाभर नव्या शहराचे रस्ते आणि गटारं कागदावर आखायची आणि रविवारी माझ्याबरोबर सारसोळ्याच्या चिखलात बादली धरून उभं राहायचं. त्यांना किड्यांचं काडीचं ज्ञान नव्हतं. पण मायक्रोस्कोपला डोळा लावून दिसेल ते नकाशाच्या पेनने काढायचे, आणि अशी चित्रं मी पुढे कुणाची पाहिली नाहीत. १९८७ साली मी तो किडा नवा म्हणून छापला आणि त्यांचं नाव दिलं. सहा वर्षांनी ते गेले. श्रुती नऊ वर्षांची होती. तिला वडिलांचा चेहरा फोटोतला आठवतो, पण बाबांच्या नावाचा एक जीव जगात आहे, हे ती अजूनही तिच्या बँकेतल्या माणसांना सांगते. किड्याचं ते चित्र फ्रेम करून तिने इथे दिवाणखान्यात लावलंय. पाहुणे आधी दचकतात, मग विचारतात.

त्या बरणीत फक्त अल्कोहोल भर. नमुने बाहेर काढू नकोस, जुने आहेत, तुटतील. तिथे नव्याने पाहण्यासारखं काही नाही. तुझा वेळ तुझ्या कामाला दे.

तुझ्या आईला, मुक्ताबाईंना, माझा जयभीम सांग.

तुझी,
वैजयंती सबनीस


कामोठे,
२४ सप्टेंबर २०२३

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

यादी तीनशेपर्यंत आली आहे. काही झाकणं गंजली होती, ती बदलली. बाकी ठीक.

तुर्भ्याच्या एका लॅबमध्ये पाणी तपासायच्या कामाला माणूस हवाय. कायमची नोकरी आहे. धाकटा अभय मागे लागलाय. म्हणतो, "ताई, पस्तिशी झाली, किती वर्षं तासिका मोजणार?" मी अजून काही सांगितलेलं नाही.

तब्येतीला जपा.

तुमची,
संघमित्रा


सातारा,
२ नोव्हेंबर २०२३

चि. संघमित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अकरा वर्षांत तू मला इतकं थोडं कधी सांगितलं नव्हतंस. थिसिसच्या वेळी एका केसाबद्दल चार पानं लिहायचीस.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलंय असं वाटतं. तू हे सगळं सोडणार आहेस आणि मला कसं सांगावं हे सुचत नाहीये. मग मीच सांगते. सोड. तुर्भ्याची नोकरी धर. कॉलेजने तुला अकरा वर्षांत एक टेबल दिलं नाही. आपल्या विषयाची देशभरातली माणसं एका जेवणाच्या पंगतीत मावतील, आणि त्यातली निम्मी माझ्या वयाची आहेत. मी सोडलं नाही, कारण माझ्यामागे अरविंदचा पगार होता आणि ते गेल्यावर कॉलेजची कायमची जागा होती. तुझ्यामागे तसं काही नाही. तू सोडलंस तर मी रागावणार नाही. आशीर्वादच देईन.

फक्त गप्प राहू नकोस. मला आता तसंही सगळं गप्पच आहे.

तुझी,
वैजयंती सबनीस


कामोठे,
१० डिसेंबर २०२३

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

तुम्ही लिहिलंत ते कारण नाही. असतं तर बरं झालं असतं. महिनाभर हे पत्र लिहून फाडतेय. आज आईने विचारलं, कुणाला एवढं भिऊन लिहितेस? मी सांगितलं. ती म्हणाली, खरं असेल तर लिही, त्या बाईने तुला तेच शिकवलं ना?

तर लिहिते.

तुमचं सांगणं मी मोडलं. 'अरविंदी'च्या बरणीचं झाकण तडकलं होतं आणि अल्कोहोल तळाला गेलं होतं. पाचही नमुने नव्या बरणीत हलवावे लागले. हलवताना एक काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. नुसता बघायला, मॅडम. सरांच्या नावाचा किडा मी कधी पाहिलाच नव्हता. तुम्ही मला त्या कुळाच्या जवळ कधी जाऊ दिलं नाहीत.

तुमच्या १९८७च्या वर्णनात जबड्याला सहा दात आहेत. मला सात दिसले. सातवा अगदी मुळाशी, लहान. पाचही नमुन्यांत होता. मग सरांचं छापलेलं चित्र बघितलं तर चित्रातही सात आहेत. मजकुरात सहा आणि चित्रात सात, हे कसं, ते मला कळेना.

सात दातांचा असा किडा एका जर्मन माणसाने १९०४ साली ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरून छापलाय. ते जुनं पुस्तक आता इंटरनेटवर आहे. नाव दिलंय 'टेनुइस', म्हणजे बारीक. मी तिकडच्या संग्रहालयाला ईमेल केला. आठ दिवसांत त्यांनी मूळ नमुन्याचे फोटो पाठवले. दात, केस, अंगाच्या वळ्यांवरचे हुकासारखे आकडे, सगळं जुळतं. मी बावीस गोष्टी तपासल्या. एक तरी वेगळी निघावी म्हणून तपासल्या. निघाली नाही.

तो किडा एकच आहे. आधीचं नाव टिकतं, नंतरचं जातं, हा नियम तुम्हीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला होता.

हे फक्त मला माहीत आहे. कुठे बोलले नाही. तुम्ही सांगाल तसं.

तुमची,
संघमित्रा


कामोठे,
१८ फेब्रुवारी २०२४

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

दोन महिने झाले. श्रुतीताईंना मेसेज केला होता, त्यांनी "आई ठीक आहे" एवढंच कळवलं. म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलेलं नाही.

तुम्ही रागावला असाल, तर तुमचा हक्क आहे. मी ते छापणार नाही. नोंदींची वही आईच्या ट्रंकेत ठेवलीय. मी मरेपर्यंत तिथेच राहील. जगात एका किड्याला एक नाव जास्त असलं तर कुणाचं काय बिघडतं? ज्यांना या किड्यांची नावं माहीत आहेत अशी माणसं तरी किती?

खोलीला मार्चअखेरपर्यंत मुदत वाढवून मिळाली. तुर्भ्याच्या नोकरीला मी हो म्हटलंय. एक मार्चला रुजू होते. रविवार मोकळा असतो.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पण औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
संघमित्रा


सातारा,
३ मार्च २०२४

चि. संघमित्रा,

मी तुझ्यावर रागावले नव्हते. मला लाज वाटत होती. या वयात लाज वाटली की माणूस झोपून राहतो. श्रुतीला वाटलं सर्दी आहे.

तो किडा एकच आहे हे मला माहीत होतं.

आता सगळं लिहिते, नाहीतर पुन्हा जमणार नाही. १९८६ साली त्या जर्मन माणसाचं पुस्तक भारतात कुठेही नव्हतं. त्याने असलं काहीतरी लिहिलंय, एवढं मी दुसऱ्या एका लेखाच्या तळटिपेत वाचलं होतं. मी जर्मनीला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. वर्षभर थांबले आणि छापलं. इथवर माझी चूक नव्हती, असं मी अजूनही म्हणते.

दातांचं सांगते. अरविंदनी चित्रात सातवा दात काढला, तेव्हा मी म्हटलं, "तो दात नाही, घाण चिकटली आहे. खोडा." ते म्हणाले, "मला दिसतं ते मी काढलंय. तुला नको असेल तर तू लिहू नकोस." चित्रावरून आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी चित्र तसंच गेलं आणि मजकुरात मी सहा लिहिले. मी शिकलेली बाई होते, ते नकाशे काढणारे होते. बरोबर त्यांनी पाहिलं होतं.

ते जानेवारी १९९३मध्ये गेले. एप्रिलात जर्मनीहून जाड पाकीट आलं. कुणा ग्रंथपालाला माझी जुनी पत्रं सापडली होती. त्याने त्या लेखाची झेरॉक्स पाठवली होती आणि उशिराबद्दल माफी मागितली होती. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चित्राचं पान काढलं, दात मोजले. सात होते. त्याच आठवड्यात श्रुतीने शाळेत निबंध लिहिला होता, 'माझे बाबा'. त्यात शेवटी होतं, की बाबा गेले तरी त्यांचं नाव समुद्रात आहे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मी पाकीट बंद केलं.

पुढच्या वर्षी लिहू, असं म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. एकतीस वर्षं झाली. या काळात जो विद्यार्थी त्या कुळाकडे वळला, त्याला मी दुसरीकडे नेलं. तुलाही नेलं. सगळ्यांत जास्त तुला, कारण तू पाहिलं असतंस तर तुला दिसलं असतं, याची मला खात्री होती.

तू महिनाभर पत्रं फाडलीस. मी दोन महिने कोरा कागद घेऊन बसले. दोघी एकमेकींना जपत होतो, आणि तुझं खरं काम मात्र ट्रंकेत पडलं.

वही बाहेर काढ. लेख लिहायला घे. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. माझी चूक दुरुस्त होताना मी तिथे असायला हवं. आणि दाताचं खरं लिहायचं. चित्र बरोबर होतं, वर्णन चुकलं होतं.

श्रुतीला मला सांगायचं आहे. कसं, ते अजून कळत नाही.

तुझी,
वैजयंती


कामोठे,
३१ मार्च २०२४

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी रडले आणि मग मला तुमचा रागही आला. दोन्ही लिहिते, कारण आता लपवायचं नाही असं ठरलंय.

एमएस्सीला असताना मी तुमच्याकडे ते कूळ मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझ्याने ते होणार नाही, अवघड आहे." मी ते अकरा वर्षं मनात ठेवलं. मला वाटायचं, परभणीकडून आलेल्या गवंड्याची पोरगी, हिला कुठे एवढं बारीक दिसणार, असं मॅडमना वाटत असेल. प्रत्येक नमुना मी चार-चार वेळा तपासायची, तुम्हाला खोटं पाडायला. आज कळलं, की तुम्हाला माझ्या नजरेची भीती वाटत होती. हे आधी कळलं असतं तर मी थोडी झोपले असते, मॅडम.

असो. लिहिलं, मोकळी झाले. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

खोली काल रिकामी केली. सरकारी संग्रहालयाने लेबलं पूर्ण असलेल्या चारशे सत्तर बरण्या घेतल्या. 'अरविंदी'ची बरणी त्यांनी आधी मागितली. नाव राहो न राहो, मूळ नमुना जपावाच लागतो म्हणाले. उरलेल्या एकशे बेचाळीस बरण्यांना कुणी हात लावेना. फेकायला गाडी आली होती. मी टेम्पो करून कामोठ्याला आणल्या. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं लोणचं आहे. आईने माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी काढून मामाकडे पाठवली आणि जागा केली. नंतर एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाने दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या. या घरात तुझे किडे ऱ्हायले तर काय बिघडलं?" बाबा असते तर त्यांनी कडाप्पाचं शेल्फ बसवून दिलं असतं.

नोकरी ठीक आहे. दिवसभर पाण्याच्या बाटल्या. माणसं चांगली आहेत. कुणी किडेवाली म्हणत नाही, त्यांना माहीतच नाही.

मसुदा सोबत आहे. पंधरा पानं. दुरुस्त करून पाठवा, लाल पेनने.

तुमची,
संघमित्रा


सातारा,
१२ मे २०२४

चि. संघमित्रा,
अनेक आशीर्वाद.

"तुझ्याने ते होणार नाही" हे मी बोलले होते. ते वाक्य मला आठवतं. दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं. तू केलंस की नाही हे विचारत नाही. पण एवढं वाच. माझ्या विद्यार्थ्यांत तुझ्याइतकं नीट पाहणारं कुणी नव्हतं, आणि मीही नव्हते. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

श्रुतीला सांगितलं.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन बसली होती. मी बोलायचं आणि तिने वहीत लिहून उत्तर द्यायचं, अशी आमची रीत झाली आहे. मी सगळं सांगितलं. पुस्तक, पाकीट, तिचा निबंध. तिने हातातलं पेन मिटून वहीवर ठेवलं. कप उचलून आत गेली. तीन दिवस वही टेबलावर तशीच. डबा भरून ठेवायची, औषध काढून ठेवायची, आणि बँकेत जायची. मला वाटलं, मी तिचे वडील दुसऱ्यांदा नेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बघते तर भिंतीवर फ्रेम नाही. तिची जागा पांढरी दिसत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले, डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. ती मागून आली आणि वही माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं, "चित्र स्कॅन करायला दिलंय. संघमित्राला मूळ चित्र लागेल ना? छापलेल्यात सातवा दात नीट दिसत नाही, मी भिंगातून बघितला."

मग त्याखाली लिहिलं, "मला राग नावाचा नाही आला. मी दहावीत असताना तू मला सांगितलं असतंस तर आपण दोघींनी मिळून हे सांभाळलं असतं. तू एकटीच बसलीस."

मी तिला म्हटलं, बाबांचं नाव आता जाईल. तिने विचारलं, "कुठे जाईल?" मी तिला तुझ्या मसुद्यातली नावांची यादी दाखवली. ज्याला कुणाला या किड्याबद्दल पुढे लिहायचंय, त्याला वर 'टेनुइस' लिहून त्याच्या खाली, लहान अक्षरात, आजवरची सगळी सोडलेली नावं द्यावी लागतात. तिथे 'अरविंदी, सबनीस, १९८७' हे राहणारच. तिने ती ओळ बोटाने वाचली. मग वहीत लिहिलं, "बाबा तसेही मागे उभे राहायचे. बादली धरून."

तिला ते आठवतं, हे मला माहीत नव्हतं.

मसुदा लाल करून पाठवते आहे. सातव्या पानावरचं पहिलं वाक्य मऊ आहे. 'लेखिकेच्या मते बहुधा' असं लिहू नकोस. चूक झाली होती, असं सरळ लिही.

श्रुती म्हणते, थंडीत मोठी ओहोटी असेल तेव्हा मला सारसोळ्याला घेऊन येईल.

तुझी,
वैजयंती


कामोठे,
८ डिसेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

तुम्ही नीट पोचलात हे श्रुतीताईंनी कळवलं. लेखाच्या छापील प्रती काल आल्या, दोन सोबत पाठवतेय. सरांचं चित्र पूर्ण पानभर घेतलंय, खाली त्यांचं नाव. आईने एक प्रत वाचता येत नसतानाही उघडून पाहिली आणि बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी ठेवली. लॅबमध्ये साहेबांना दाखवली. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाले, खाडीच्या पाण्याचे नमुने घेताना चिखलही घ्यायचा का, तुम्ही बघाल का? मी बघेन म्हटलं. होईल तेव्हा खरं.

गेल्या रविवारी गाडीत बसताना तुम्ही मला विचारलंत, श्रुती चिखलात उभी राहून एवढी का हसली. तेव्हा माणसं होती आणि तुम्हाला लिहून दाखवायला वेळ नव्हता. तुम्ही जेट्टीवर खुर्चीत होतात, आम्ही बऱ्याच लांब होतो. म्हणून सगळं लिहिते.

श्रुतीताई सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून उतरल्या, पण दहा पावलांवर थांबल्या. सुमित्राबाईंनी त्यांचा दंड धरला होता. त्या म्हणाल्या, "ये बाय, भिऊ नको. पाय सपाट टाक, चिखल धरनार नाय." श्रुतीताई मला म्हणाल्या, की नेरूळला इतकी वर्षं राहून त्या कधीच इथे उतरल्या नव्हत्या. लहानपणी त्यांना वाटायचं, बाबा या चिखलात खाली कुठेतरी आहेत आणि आपला पाय पडला तर त्यांना लागेल. पुढे ते खोटं आहे हे कळलं, तरी पाय उचलला नाही. हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगू का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "तूच लिही. मला नाही जमणार."

सकाळी सात-सव्वासातला पाणी पुरतं मागे गेलं. मी फावडं मारलं, सुमित्राबाईंनी ढेकूळ फोडलं, आणि तिसऱ्याच ढेकळात तो होता. बोटभर, तांबूस, दोन्ही बाजूंनी केस हलणारा. मी तळहातावर पाणी घेऊन श्रुतीताईंच्या हातात दिला. वाटलं होतं त्या दचकतील. त्यांनी हात डोळ्यांपाशी नेला आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "हाच का?"

मी म्हटलं, "हाच."

"चित्रात बघितला त्यापेक्षा हा बारीक आहे," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, की त्या जर्मन माणसालाही तेच वाटलं होतं. त्यावर त्या थोडं हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "किती काम आहे याला. आपल्याकडे लक्षसुद्धा नाही." तो त्यांच्या बोटांच्या फटीत डोकं घालत होता, खाली जायला बघत होता. मी बाटली पुढे केली, तुम्हाला दाखवायला न्यावा म्हणून. त्या नको म्हणाल्या. वाकून त्यांनी हात चिखलाला टेकवला. तो गेला. भोक पाण्याने भरून बुजेपर्यंत त्या तशाच वाकून होत्या, सुमित्राबाई त्यांना मागून धरून.

मग त्यांनी वर बघून तुम्हाला दोन्ही हात हलवले. तुम्हाला वाटलं, त्यांना तहान लागली आहे. तुम्ही खुर्चीतून उठून उभ्या राहिलात आणि पाण्याची बाटली उंच धरलीत, आणि एवढ्या लांबून ओरडलात, "आणू का?"

तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मॅडम. जेट्टीवरचे सगळे कोळी वळून बघायला लागले. दोन बगळे उडाले. चिखलात यायला तुम्ही खरंच एक चप्पल काढलीही होती.

तेव्हा त्या हसल्या. हसता हसता त्यांचा तोल गेला, सुमित्राबाईंचाही गेला, आणि आम्ही तिघी कमरेपर्यंत चिखलात बसलो.

तुमची,
संघमित्रा